उंबरा: नानांच्या वहीतलं कोरं पान

नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. सकाळी परसात तोंड धुवायला गेले आणि तांब्या हातातून सुटला. आवाज ऐकून आई आतूनच कुरकुरली की पोचा आला असेल त्याला, आणि बाहेर जाऊन बघते तर नाना तांब्याशेजारी मातीत बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारच्या दोघांनी उचलून आत आणलं. नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर संस्थानच्या मराठी शाळांत मास्तरकी केली आणि निवृत्त होऊन भोरला राहायला लागल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी त्याच गावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान पुण्याला छापखान्यात खिळे जुळवायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायचे, म्हणून मी आई-नानांजवळच राहत होते.

दोन दिवस नानांच्या तोंडून नुसता घशातला आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेत शुद्धलेखन घालताना लावायचे त्या आवाजात, अगदी स्वच्छ म्हणाले, "उंबरा."

मी वाटी तिथंच ठेवून आईला बोलावलं. वाचा परत आली म्हणून आम्ही दोघी रडलो. आईनं देवापुढं साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत नानांनी तो शब्द तीसेक वेळा तरी उच्चारला असेल, आणि दुसरा एकही नाही. पाणी हवं असलं तरी उंबरा, कूस बदलायची असली तरी उंबरा. आवाजात कधी राग असायचा, कधी अजिजी, कधी नुसती साधी विचारपूस. शब्द तेवढा तोच. आणि पाणी पाजलं, कूस बदलली, पांघरूण नीट केलं, तरी ते थांबायचे नाहीत. आतल्या दाराकडे डोळे लावून पुन्हा म्हणायचे, उंबरा. त्यांना काहीतरी हवं होतं आणि ते आम्हाला समजत नव्हतं. ते आहेत तोवर एवढं एक समजावं, याखेरीज त्या हिवाळ्यात मी दुसरं काही मागितलं नाही.

डॉक्टर आले, त्यांनी पाय टोचून पाहिले, जीभ पाहिली. त्यांचं म्हणणं असं की मेंदूतली वाचेची जागा दुखावली की कधी कधी एखादाच शब्द शाबूत राहतो. बाकीचे येतील, किंवा येणारही नाहीत. तुम्ही त्यांना बोलतं करत राहा. औषध म्हणून त्यांनी एक बाटली दिली, पण खरं औषध हेच, बोलतं करणं. मी मास्तरीण. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

शेजारपाजारचे आपापल्या परीनं अर्थ लावून गेले. एकीचं मत पडलं की उंबऱ्याची पूजा राहिली असेल. आईनं घरातल्या तिन्ही उंबऱ्यांना हळदीकुंकू वाहिलं. एकजण म्हणाला, त्यांना बाहेर जाऊन बसायचं असेल. त्यांना उचलून पुढच्या दारात उंबऱ्याला टेकवून बसवलं, तर ते गारठले आणि तिथंही तोच शब्द म्हणत राहिले. पाठीमागच्या घरातल्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं की उंबऱ्याखाली कुणी काही पुरलंय का, खणून बघायचं का. मी त्याला हसले. हसायचा मला काही अधिकार नव्हता. माझं वेड जरा शिकलेलं होतं, एवढाच फरक.

माझं वेड नानांच्या वहीतून आलं. नाना वेल्ह्याकडच्या डोंगरातले, शेतकऱ्याच्या घरातले, आणि त्या घरात पाटीला हात लावलेले पहिलेच. पुण्याला मास्तरकीचं शिक्षण घेताना त्यांना कुणीतरी संस्कृतची गोडी लावली आणि तेव्हापासून शब्द कुठून आला हे शोधण्याचं त्यांना खूळ लागलं. कामथडीला बदली झाली, भोंगवलीला झाली, वेल्ह्यात चार वर्षं काढली. जिथं जातील तिथले शब्द गोळा करून आणायचे. बायका जात्यावर काय म्हणतात, सुतार कशाला काय म्हणतो, गुराखी गुरांना कसा हाकारतो, सगळं वहीत. गावातल्या पंडित मंडळींशी त्यांचं एका बाबतीत कधी पटलं नाही. ही मंडळी म्हणायची, मराठीतला प्रत्येक शब्द म्हणजे संस्कृतातला झिजलेला शब्द. नाना हे ऐकून तापायचे. आमच्या डोंगरातली माणसं तोंड उघडायला पंडितांची वाट बघत बसली होती काय, असं विचारायचे. मला हा वाद लहानपणापासून पाठ होता आणि मी मनातून नेहमी नानांच्या बाजूची होते.

वहीत उंबरा या शब्दाला एक पान दिलेलं होतं. पानावर आधी पंडितांचं म्हणणं प्रामाणिकपणे लिहिलेलं. एका जुन्या संस्कृत ग्रंथात उदुंबर म्हणजे उंबराचं झाड, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ घराचा उंबरा. पूर्वी पवित्र म्हणून उंबराचं लाकूड दाराला घालत असतील, त्यावरून नाव पडलं, असा पंडितांचा निवाडा. त्याखाली नानांनी वेल्ह्यातल्या एका सुताराचं बोलणं टिपून ठेवलं होतं. उंबराचं लाकूड मऊ असतं, कीड लागते, दाराला ते कुणी घालत नाही. विहिरीच्या तळाला घालतात, पाण्यात ते टिकतं. उंबऱ्याला साग घालावा, नाहीतर ऐन. सुताराच्या या वाक्याखाली नानांनी दोन रेघा ओढल्या होत्या. पंडिताला सुतारानं चीत केल्याचा आनंद त्या रेघांत दिसत होता.

पुढं आणखी एक टीप होती. एका जैन पंडितानं फार पूर्वी केलेली, संस्कृताला न सापडणाऱ्या देशी शब्दांची यादी. तीत उंबर हा शब्द घराच्या देहलीसाठी, म्हणजे उंबऱ्यासाठीच, दिलेला आहे, असं नानांनी लिहिलं होतं. म्हणजे लोकांच्या तोंडचा शब्द आधी असेल आणि पंडितांनी त्याला झाडाचं नाव देऊन नटवलं असेल. पण हे सिद्ध कसं करायचं? टिपांच्या शेवटी तीनच शब्द होते, "मग आधी कोण?" आणि त्याखाली अर्धं पान कोरं. उत्तर सापडलं की लिहायला सोडलेलं.

ते कोरं पान पाहिलं आणि माझी खात्री पटली. हा प्रश्न त्यांच्या मनात अडकून राहिलाय. सगळे शब्द वाहून गेले आणि हा एक राहिला, कारण याचं काम बाकी होतं. ते दिवसभर तेच विचारतायत. आज हे लिहिताना मला माझ्याच हुशारीची शिसारी येते, पण तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. अंथरुणावरच्या माणसाकडे नुसतं बघत बसण्यापेक्षा काहीतरी करायला मिळालं.

पहिल्यांदा मी चाचांकडे गेले. चाचा बाजारपेठेच्या टोकाला राहायचे, पुस्तकं आणि दप्तरं बांधून द्यायचे. नानांची ती वहीसुद्धा त्यांनीच बांधलेली. वाडवडिलांकडून त्यांना फारसी आली होती आणि ती जाणणारा गावात दुसरा कुणी नसल्यामुळे नाना फारसी शब्द विचारायला त्यांच्याकडे जायचे आणि दोघे तासन्‌तास बोलत बसायचे. मी विचारल्यावर चाचांनी खळ लागलेले हात पुसले आणि मनापासून सांगायला बसले. अरबीत उंबऱ्याला अतबा. फारसीत आस्तान. बादशहाच्या आस्तानावर माणसं डोकं टेकायची, पुढं पिराच्या आस्तानावर टेकायला लागली, आणि होता होता पिराच्या सगळ्या जागेलाच लोक आस्ताना म्हणू लागले. दाराच्या लाकडाचं नाव अख्ख्या जागेला गेलं. मी म्हटलं, आमच्याकडे चाळीस उंबऱ्यांचं गाव म्हणतात ते तसंच की. चाचा खूश झाले. मग ते म्हणाले की फारसीत दहलीज असाही शब्द आहे आणि संस्कृतात देहली. हे दोघे इतके सारखे की भाऊ असावेत, पण तुमच्याकडून आमच्याकडे आला की आमच्याकडून तुमच्याकडे, हे सांगणारा आता कुणी उरला नाही. मी हे सगळं लिहून घेतलं.

चाचा माझ्याबरोबर घरी आले. नानांनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला आणि म्हणाले, उंबरा. चाचा म्हणाले, बोला मास्तर, ऐकतोय. मग तासभर ते तसेच हात धरून बसले. नाना बोलायचे, चाचा मान हलवायचे. मला वाटलं, म्हातारा उगीच वेळ घालवतोय, कामाचं काही बोलत नाही. शेवटी मीच कागद काढला आणि आस्तान आणि दहलीज यांची हकीकत खणखणीत आवाजात वाचून दाखवली. नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी समजले की उत्तर बरोबर नाही, आणखी शोधायला पाहिजे.

यजमानांना पत्र टाकलं. त्यांच्या छापखान्यात पाली शिकवणारे एक प्राध्यापक मुद्रितं तपासायला यायचे. त्यांना विचारा, पालीत उंबऱ्याला काय म्हणतात, आणि उंबराच्या झाडाला काय म्हणतात, दोन्ही विचारा. पत्राची वाट बघता बघता मी संस्कृतातले आणखी शब्द शोधले. कानडी मुलखातून आलेल्या एका बाईला तिच्या भाषेतला शब्द विचारला. तो वेगळाच निघाला, त्याचा आमच्या शब्दाशी काही संबंध लागेना. रोज शाळेतून आले की मी नानांच्या उशाशी बसायची आणि नवीन काय मिळालं ते वाचून दाखवायची. ते ऐकायचे नाहीत. डोळे दाराकडे. उंबरा, उंबरा.

आणि दर वेळी आतून आई म्हणायची, "ओ, आले."

आई वेल्ह्याकडचीच, नानांच्या शेजारच्या गावची. तिला अक्षर येत नव्हतं. नानांनी एकदा शिकवायला घेतलं होतं, पण चूल, पाणी आणि बदल्या यांत ते मागं पडलं. घरात दोन मास्तर, त्यामुळे कागदाचा विषय निघाला की ती आपोआप गप्प व्हायची. नाना उंबरा म्हणाले की ती हातातलं काम टाकून यायची, पदराला हात पुसत त्यांच्याकडे बघायची, ते तिच्याकडे बघायचे, आणि ती पुन्हा आत जायची. दिवसाला वीस वेळा, तीस वेळा. भाकरी करपायची. मी वाचत असले की माझ्या वाक्यात ती ओ पडायची. खरं सांगायचं तर मला त्याचा त्रास व्हायचा.

एक दिवस मी तिला समजावलं. वर्गात मी मुलींना एका शब्दात उत्तर देऊ देत नाही, पूर्ण वाक्य म्हणायला लावते. एका शब्दावर भागतंय असं मुलीला कळलं की ती पुढं बोलायचा आळस करते. नानांचंही तेच होणार. डॉक्टरांनी बोलतं करायला सांगितलंय. तू दर वेळी ओ देऊन धावत आलीस तर दुसरा शब्द ते कशाला शोधतील? तेव्हा आता ओ द्यायची नाही. त्यांना अडू दे, म्हणजे दुसरा शब्द येईल.

आई थोडा वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "त्यास्नी बरं वाटंल का तसं?"

मी म्हटलं, "वाटेल. बरे होतील."

ती बरं म्हणाली. आणि माझी आई एकदा बरं म्हणाली की शब्द मोडायची नाही. त्या दिवसापासून तिनं ओ दिली नाही. नाना बोलले की ती आतल्या आत थबकायची. लाटणं, फुंकणी, जे काही हातात असेल ते थांबायचं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचं. मला ते ऐकू यायचं, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही. नाना काही दिवस फार अस्वस्थ झाले. शब्द मोठ्यानं म्हणायला लागले, डाव्या हातानं खाटेची कड बडवायला लागले. मी समाधानानं वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं की धडपड वाढली आहे. दुसरा शब्द आता येणार, असं मला वाटत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला पुण्याचं कार्ड आलं. प्राध्यापकांनी बारीक अक्षरात कार्ड भरून उत्तर दिलं होतं. पालीत झाडाला उदुंबर, आणि घराच्या उंबऱ्याला उम्मार. दोन शब्द, दोन वेगळी रूपं. झाडाचा उदुंबर तसाच राहतो आणि दारातला मात्र उम्मार, तेव्हा दारातला शब्द झाडावरून आलेला दिसत नाही. तो लोकांच्या बोलीतला असावा आणि मागाहून संस्कृतानं त्याला झाडाच्या नावाशी जुळवून घेतलं असावं. आपल्या वडिलांचा तर्क मला योग्य वाटतो, त्यांना माझा नमस्कार सांगावा.

ते कार्ड मी पोस्टमनच्या हातातून घेऊन दारातच तीनदा वाचलं. नाना बरोबर होते. गावातल्या सगळ्या पंडितांपुढं डोंगरातला माझा बाप बरोबर होता. मी धावत त्यांच्याजवळ गेले, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला आणि म्हटलं, "नाना, तुमचंच खरं आहे. शब्द आपला आहे. संस्कृतानं आपल्याकडून घेतलाय." आणि कार्ड वाचून दाखवलं, एकदा सावकाश, एकदा भरभर.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी त्याआधी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हा मला ते वाचताही आलं नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानशिलावरून उशीवर गेलं. मग त्यांनी मान माझ्या हातातून सोडवून घेतली, दाराकडे वळवली आणि अगदी हळू म्हणाले, "उंबरा." आत चुलीवर फुंकणी चालू होती, ती थांबली. नानांनी पुन्हा म्हटलं. आत काहीच हललं नाही. मी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, कारण मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नसेल.

त्यानंतर ते शांत होत गेले. दिवसाला दहा वेळा, मग चार वेळा, मग एखाद्या दिवशी एकदाच. माघ लागला तेव्हा तो शब्दही बंद झाला. ते उताणे पडून आढ्याकडे बघत राहायचे. भरवलं तर गिळायचे, नाही भरवलं तर मागायचे नाहीत. मी यजमानांना लिहिलं की नानांची शंका फिटली, आता ते समाधानी आहेत. वहीच्या कोऱ्या पानावर मी माझ्या हातानं पालीची टीप लिहिली आणि तीन-चार दिवस स्वतःवर खूश होते. चाचांना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, बोलत नाहीत म्हणजे अगदीच बोलत नाहीत का? मी म्हटलं, नाही.

मग एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती आणि मी तिच्याजवळ बसून तिला असंच म्हटलं की बघ, शंका फिटल्यावर नाना कसे शांत झाले.

आईनं सुपातले खडे बाजूला काढले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शांत झालं न्हाईत. हाका मारायचं सोडलं त्यांनी."

मला कळलं नाही. कुणाला हाका, असं मी विचारलं.

"मला. आनि कुनाला?"

मग तिनं सांगितलं. एवढं सलग तिला बोलताना मी क्वचितच ऐकलं होतं. म्हणाली, "नवरं बायकूचं नाव घेत्यात व्हय कुठं? लगीन झाल्यापासनं त्यांनी मला एकदाबी नावानं हाक मारली न्हाई, म्या त्यांना न्हाई. कधी खाकरायचं, कधी कडी वाजवायचं. वेल्ह्याला आसताना तर पुस्तकातलंच कायबाय मोठ्यांदा वाचायचं, म्या समजायची आपल्याला बोलावत्यात. ज्ये त्यांच्या तोंडात यील, तीच माझी हाक. म्या ओ द्यायची. आता ह्यो एक शब्द ऱ्हायला व्हता. म्या पयल्या दिशीच वळीखला."

मी इतकी वर्षं त्या घरात वाढले होते. नानांचं खाकरणं मी हजार वेळा ऐकलं होतं, कडीचा आवाज ऐकला होता, आणि त्यामागून येणारी आईची ओ ऐकली होती. सगळ्याच घरांत तसंच असायचं. माझे यजमान मला तसंच बोलावत. आणि मी मात्र पाली धुंडाळत होते.

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू शिकलेली. तू म्हनलीस, बरं व्हतील. मला वाटलं, त्यात कायतरी आसंल."

तिच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, सूप फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं की आई, जा, आता ओ दे. मी तुला कशाला थांबवलं देव जाणे. तू जा.

ती तांदूळ तसेच टाकून उठली. खाटेजवळ गेली, पदराला हात पुसले आणि नेहमी आतून म्हणायची त्याच स्वरात म्हणाली, "ओ, आले." नाना आढ्याकडे बघत होते. ती वाकून त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि पुन्हा म्हणाली. त्यांचे डोळे तिच्या तोंडावरून गेले आणि परत वर गेले. तिला वाटलं, सवय मोडली असेल. ती आत गेली, चुलीशी बसली आणि तिथून म्हणाली, ओ.

मग तिनं तोच परिपाठ ठेवला. भाकरी थापताना, भांडी घासताना, परसातून येताना, मधूनमधून आपली ओ द्यायची आणि हात पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची. मीही प्रयत्न केले. त्यांच्या कानाशी तोच शब्द म्हटला, तुम्ही म्हणा, आई येईल, असं सांगितलं. हात जोडले. चाचा रोज यायला लागले, हात धरून बसायचे आणि म्हणायचे, बोला मास्तर. तो थंड हात हातात घेऊन एकदा चाचाच रडले. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही.

त्यानंतर नाना अकरा दिवस तसेच होते. बाराव्या दिवशी सकाळी आई त्यांचं पाणी तापवत होती आणि मी त्यांच्या उशाशी होते. त्यांचा श्वास मध्ये थांबला, पुन्हा आला, आणि मग आला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आतून आईची ओ आली, आणि मग तिची पावलं.